रोज ताण देऊनही धावणाऱ्याच्या पोटऱ्या आणि मांड्या आखडलेल्या का राहतात?

आपण लिहिले आहे की, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या अंतरासाठी आपण आठवड्यातून चार दिवस धावता, धावण्यापूर्वी दहा मिनिटे वाकून पायाची बोटे धरून ठेवता आणि तरीही पोटऱ्या व मांडीमागच्या ‘शिरा’ आखडलेल्याच राहतात. मी कॉलेजात खो-खो खेळलो आणि आता शिवाजी पार्कवर सकाळी धावणाऱ्या मुलांचा सराव घेतो. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

आपण ज्यांना शिरा म्हणतो (सगळेच म्हणतात, माझी आईही), ते स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे असतात, आणि आखडल्यासारखा वाटणारा स्नायू आखूड झालेलाच असतो असे नाही. खेळायच्या दिवसांत माझे दोन्ही तळवे जमिनीला सहज टेकत, तरी उकिडव्या बैठकीतून उठून पळताना मांडीच्या मागे दोरी ताणल्यासारखी वाटे; मी ती वर्षभर ओढत राहिलो आणि एका संध्याकाळी स्नायू दुखावून बसलो. पुढे त्याच स्नायूंची ताकद वाढवू लागलो, तेव्हा दोनेक महिन्यांत ती दोरी गेली. अंगावर पडणारा भार ताकदीपेक्षा जास्त झाला की थकलेला स्नायूही घट्ट वाटतो, आणि त्याला नुसते ओढल्याने तेवढ्यापुरतेच बरे वाटते.

म्हणून धावण्याआधीचे ते वाकून थांबणे आधी बंद करावे. एकच ताण मिनिटभराहून जास्त धरून ठेवल्यास स्नायूची ताकद काही काळ किंचित उतरते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसून आलेले आहे. त्याऐवजी पाच-सात मिनिटे हळू पळावे, कठड्याला धरून पाय पुढे-मागे झुलवावेत, गुडघे उंच उचलत चालावे. स्थिर ताण धावून झाल्यावर किंवा रात्री, अंग गरम असताना द्यावा.

पोटरीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत: वरचा, फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला जोडलेला असतो, तर त्याखालचा सोलियस गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. त्यामुळे भिंतीला हात टेकून मागचा पाय सरळ ठेवला की पहिल्याला ताण बसतो, आणि दुसऱ्याला तो मिळण्यासाठी, टाच जमिनीवरच ठेवून, गुडघा वाकवावा लागतो. प्रत्येकी तीस सेकंद, दोन-तीन वेळा पुरते. घोटा किती वाकतो हे पाहायचे असेल तर अनवाणी उभे राहून अंगठा भिंतीपासून सुमारे दहा सेंटिमीटरवर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का, ते दोन्ही पायांवर पाहावे. एका बाजूला स्पष्ट फरक दिसला तर लक्ष त्या बाजूला द्यावे. ताकदीसाठी इमारतीच्या जिन्याची पायरी पुरेशी आहे: चवड्यावर उभे राहून दोन्ही पायांनी वर उठावे आणि एका पायाने, मनात तीन आकडे मोजत, टाच पायरीच्या खाली उतरवावी.

मांडीच्या मागच्या भागासाठी आपल्याकडची छोटी खोली उलट सोयीची ठरते. दाराच्या चौकटीत उताणे पडून एक पाय चौकटीवर उभा टेकवावा, दुसरा दारातून सरळ पसरावा, आणि ताण सोसेल तसे कुल्ले चौकटीजवळ सरकवावेत. कंबरेत वाकण्यापेक्षा यात पाठ बिचारी वाचते. ताकदीसाठी गुडघ्यांवर बसून, कोणीतरी घोटे घट्ट दाबून धरल्यावर, धड शक्य तितक्या हळू पुढे झुकवत जमिनीपर्यंत न्यावे. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला चार-पाच वेळाच, कारण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना याची आठवण होतेच.

लोकलमध्ये तासभर गुडघे ताठ करून उभे राहणे आणि मग दिवसभर खुर्चीत बसणे, हेही पायांना भोवते. प्रवासात गुडघे किंचित सैल ठेवून अधूनमधून चवड्यांवर उठावे. फोम रोलरने (स्नायूंवर दाबून फिरवायची फोमची नळकांडी) थोडा वेळ मोकळे वाटते, घरातले लाटणेही चालते, पण त्यावर फार पैसे घालू नयेत.

हे सारे सहा ते आठ आठवडे करून पाहावे. मात्र धावताना मागून कोणी मारल्यासारखी कळ येऊन काळेनिळे पडले, पावलापर्यंत मुंग्या येत असतील, किंवा एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर ताण देत बसू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सुजलेल्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते आणि तिला चोळणे धोक्याचे असते.