ॲरन आधीच परत येऊन गेला होता का?

प्रश्न: 'प्रायमर' भावाबरोबर दोनदा बघितला. ॲरन आणि एब हे दोघे मित्र पेटीत शिरून काळात मागे जातात हे कळलं, पण मग शंभर वर्षं मागे का नाही जात? आणि शेवटी इतके ॲरन आले कुठून?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर: दादा, शेन कॅरुथचा हा 2004 चा सिनेमा मुद्दामच काही समजावत बसत नाही. पेटी ज्या क्षणी चालू केली त्याच्या मागे जाताच येत नाही, जेटीच बांधली नसेल तर होडी लागणार कुठे? सकाळी पेटी चालू करायची, दिवसभर हॉटेलात दडून बसायचं, दुपारी आत शिरायचं आणि सहा तास मागे जायचं तर आत खरंच सहा तास पडून राहायचं, मग सकाळी बाहेर. आता त्या वेळेत तुम्ही दोन झालात, एक हॉटेलात, एक मोकळा!

खरी गोम पुढे आहे. एबने गुपचूप एक पेटी आधीपासून चालू ठेवलेली असते, काही बिघडलं तर अगदी सुरुवातीला जाता यावं म्हणून. ॲरनला ती सापडते आणि तो घडी केलेली दुसरी पेटी घेऊनच आत शिरतो, त्यामुळे एब मागे पोचतो तेव्हा ॲरन आधीच तिथे हजर. बाकावरच्या सीनमध्ये त्याच्या कानातला इयरफोन बघा, आपल्याला वाटतं मॅच ऐकतोय, पण तो त्याच दिवसाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकत असतो, मला तर हा अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भारी सीन वाटतो. एबच्या मैत्रिणीचे वडील ग्रेंजर काळात मागे का आले हे मात्र सिनेमा सांगतच नाही, तिथे डोकं आपटू नका.