शंका आल्यात पण चर्च सोडायचं नाहीये

"मला आता सगळं खरं वाटत नाही, पण चर्चही सोडायचं नाहीये, मग मी ढोंगी का?" यूटामध्ये काउन्सेलिंग करताना मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) घरातल्या लोकांकडून हे सारखं ऐकायला मिळतं. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चाळिशीतला गृहस्थ, तीन मुलं, तरुणपणी दोन वर्षं मिशन, म्हणजे धर्मप्रचार, करून आलेला, रविवारी वॉर्डात, म्हणजे तिथल्या स्थानिक मंडळीत, मोठ्यांचा धर्माचा क्लास घेणारा. शंका आली ती चर्चच्याच वेबसाइटवरून. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ, त्याच्या बहुपत्नीत्वावर त्यांनी 2014 मध्ये निबंध टाकला, त्यात काही बायका आधीच विवाहित होत्या, एक तर पंधराचीही नव्हती हे सरळ लिहिलंय, आणि मिशनवर असताना याने हेच सगळं विरोधकांचा खोटा प्रचार म्हणून उडवून लावलेलं. मग रात्र रात्र एकटाच वाचत बसायचा, बायकोला पत्ता नाही.

आपल्याकडे नास्तिक मुलगाही गणपतीत आरतीला उभा राहतो, मोदक हाणतो, कोणी काही विचारत नाही. इथे विचारतात. टेंपल हे रोजच्या चर्चपेक्षा वेगळं, तिथे जायला रेकमेंड, म्हणजे प्रवेशाचं परवानगीपत्र, लागतं, ते दर दोन वर्षांनी रिन्यू करायचं, आधी बिशपकडे (वॉर्डाचा प्रमुख) मग स्टेकवाल्यांकडे (अनेक वॉर्ड मिळून एक स्टेक), ते विचारतात श्रद्धा आहे का, दशांश भरता का, चहा-कॉफी-दारूचा नियम पाळता का वगैरे. मेहुणीचं लग्न टेंपलमध्ये आणि याचं रेकमेंड संपत आलेलं, ते नसेल तर लग्नाला आत सोडत नाहीत.

मी म्हटलं श्रद्धेचा निकाल आत्ताच्या आत्ता लावू नका, आधी घरी बोला. पण बोलायचं कसं यावरच आमची बरीच सेशन्स गेली, कारण टेंपलमधलं लग्न म्हणजे सीलिंग, मेल्यानंतरही कायमचं, त्यामुळे नवरा "शंका आहे" म्हणाला की बायकोला ऐकू येतं "तिकडे मी तुझ्यासोबत नसणार". हा इतिहास सांगत बसणार आणि तिचा जीव संसारात अडकलेला. म्हणून लिंका पाठवायच्या नाहीत, पुरावे मांडायचे नाहीत, आधी काय बदलणार नाहीये ते सांगायचं, मग शंका.

सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, "कॉफी प्यायला लागलास का?" आणि लगेच दुसरा, "मुलांना सांगितलंस?" दोन्हीला नाही म्हटल्यावर मग ती रडली. मला विचाराल तर हे चांगलं झालं.

ढोंगाचं म्हणाल तर गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, महिन्याच्या पहिल्या रविवारी माईकवर जाऊन आपल्या श्रद्धेची साक्ष देण्याची सक्ती कोणावर नसते. क्लास मात्र त्याने सोडला. बिशप काही पगारी नसतो, वॉर्डातलाच नोकरीधंदा करणारा माणूस, त्याला सांगितलं शिकवणं नको, हॉलमधल्या खुर्च्या लावायचं काम द्या, तो लगेच हो म्हणाला. रेकमेंड रिन्यू केलं नाही, लग्नाच्या वेळी बाहेर पोरांना सांभाळत थांबला, सासूबाई अजून नीट बोलत नाहीत. रविवारचे दोन तास सगळे एकत्र जातात.

दशांशाचं मात्र घोडं अडलंय. दहा टक्के म्हणजे रक्कम मोठी, त्याला द्यायची नाही, तिला थांबवायची नाही, आणि पगार दोघांचा एकाच खात्यात. पुढच्या सेशनला तिलाही बोलावलंय.