मुलगा दांडगा, मुलगी शांत: हे हार्मोनमुळे की संस्कारांमुळे?

तुमचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर कुस्त्या खेळतो, त्याची ताई भातुकलीत रमते. हे अंगातच असतं की आपण शिकवतो, असं तुम्ही विचारलंय. आधी गोठ्यातलं सांगतो.

लहानपणी आमच्याकडे एक गोऱ्हा होता. अंगावर धावून यायचा, शिंगांनी बांध उकरायचा, माजावर आलेली गाय जवळपास असली की दावं तोडायचा. डॉक्टरांनी चिमटा लावून त्याला खच्ची केलं. पुढच्या पेरणीला त्याचा कासरा माझ्या हातात होता, आणि मी होतो दहा वर्षांचा.

१८४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला आर्नोल्ड बर्टोल्ड या शास्त्रज्ञांनी हेच कोंबड्यांवर तपासलं. वृषणं काढलेले कोंबडे झुंजेनात, त्यांचे तुरे खुरटले. काहींच्या पोटात मात्र वृषण दुसऱ्याच जागी ठेवलं होतं. ते व्यवस्थित आरवायचे, माद्यांच्या मागे लागायचे. फाडून पाहिलं तर त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या होत्या, मज्जातंतूंची जुनी जोडणी नव्हती. म्हणजे जे काही होतं, ते रक्तातून जात होतं. वृषणातून रक्तात उतरणाऱ्या या पुरुषी हार्मोनला टेस्टोस्टेरॉन हे नाव १९३५ मध्ये मिळालं.

पण चार वर्षांच्या मुलाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नसतंच! त्या वयात मुलगा-मुलगी या बाबतीत सारखेच. मग हार्मोनचा हात असलाच तर तो जन्माआधीचा. गर्भात साधारण आठव्या आठवड्यापासून मुलग्याची वृषणं ते बनवू लागतात. काही मुलींना मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार (सीएएच) असतो. त्यांनाही गर्भात हे पुरुषी हार्मोन जास्त मिळतं. जन्मानंतर उपचार होतात, तरी त्या इतर मुलींपेक्षा गाड्या आणि ठोकळे जास्त उचलतात, आईबापांनी बाहुलीचं कौतुक केलं तरीही. आणि यातल्या बहुतेकजणी स्वतःला मुलगीच मानतात. मला हे फार मोलाचं वाटतं. हार्मोनमुळे ओढा बदलतो, अख्खं माणूस नाही.

शिवाय वागण्यानेही हार्मोन बदलतं. फिलिपिन्समधल्या सेबू इथल्या ६२४ तरुणांचा अभ्यास २०११ मध्ये आला. मधल्या साडेचार वर्षांत जे बाप झाले, त्यांचं टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा बरंच उतरलं होतं, आणि रोज तीन तास किंवा जास्त लेकराचं करणाऱ्या बापांत ते आणखी कमी होतं.

तुमच्या दोघांत हार्मोनचा वाटा किती आणि घरातल्या ‘मुलीच्या जातीने जपून’चा किती, हे दोन लेकरांवरून कुणालाच सांगता येणार नाही. त्याची कुस्ती चालू द्या. ताई कुस्तीत उतरली किंवा तो भातुकलीत जाऊन बसला, तर कृपा करून उठवू नका.