फर्नच्या पानामागचे तपकिरी ठिपके: औषध मारू नका

तुम्ही विचारलंय, "सावलीच्या बागेत फर्न लावलेत. पानांच्या मागे तपकिरी ठिपके आलेत, कोणतं औषध मारू? आणि सावलीत अजून कोणते फर्न चांगले येतात?"

कुठलंही औषध मारू नका. पंप भरून ठेवला असेल तर रिकामा करा.

ते ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंजके. फर्नला फूल येत नाही, बी धरत नाही. त्याचा वंश पुढे जातो तो या ठिपक्यांतल्या पुडीतून. तुमची झाडं वयात आली आहेत, एवढाच याचा अर्थ. ठिपके आखून दिल्यासारखे रांगेत असतील आणि पानाच्या वरच्या बाजूला काही नसेल तर निर्धास्त राहा. खवले कीड असेल तर ती कशीही विखुरलेली दिसते, देठावरही चढते, पान चिकट लागतं आणि नखाने खरवडलं की खवला सुटून येतो.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण याच ठिपक्यांपायी माझा अख्खा वाफा गेला होता.

घरामागे उत्तरेच्या भिंतीलगत मी नेफ्रोलेपिस नावाचा फर्न लावला होता. दोन वर्षांत तो कमरेपर्यंत आला. एके दिवशी सासऱ्यांनी एक पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा तांबेरा आहे. सगळं कापून टाक, नाहीतर बागभर पसरेल." त्यांचं आयुष्य शेतीत गेलं होतं, तांबेऱ्याने हातचा गहू गेलेला त्यांनी पाहिला होता. मी म्हटलं, "बाबा, हे बीजाणू आहेत." ते म्हणाले, "तुला पुस्तकातलं माहीत, मला रानातलं." मी दोन दिवस माहेरी गेले तेवढ्यात त्यांनी वाफा कापला आणि उरलेल्या खुंटांवर बुरशीनाशकात साबण कालवून दाट फवारणी केली. फर्नच्या कोवळ्या पानांना साबण आणि तेलकट औषधं सोसत नाहीत. वर येत असलेल्या सगळ्या गुंडाळ्या काळ्या पडल्या.

कोपऱ्यातली एक कुंडी तेवढी वाचली होती. तिचं एक पान पांढऱ्या कागदावर, ठिपके खाली करून, रात्रभर ठेवलं. सकाळी पान उचललं तर कागदावर तपकिरी पुडीची तंतोतंत रांगोळी उमटलेली. मला वाटलं, आता वाद मिटला. बाबांनी पुडीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हेच. तांबेऱ्याची पूड अशीच बोटाला लागते." त्यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण गव्हावरच्या तांबेऱ्याची पूड खरंच तशीच लागते.

मग मी एक वीट घेतली. आधीचं शेवाळ-बुरशी मरावी म्हणून तिच्यावर उकळतं पाणी ओतलं, गार झाल्यावर ती पूड वरून भुरभुरवली, वीट पाण्याच्या थाळीत उभी केली आणि वर काचेची बरणी पालथी घातली. तीनेक आठवड्यांनी हिरवा थर आला. बाबा म्हणाले, "शेवाळ." अडीच महिन्यांनी त्या थरात नखापेक्षाही लहान, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या चपट्या पापुद्र्या दिसू लागल्या. ही फर्नची दुसरी पिढी, प्रोथॅलस. हिच्यावरच नर आणि मादी पेशी तयार होतात, आणि नर पेशीला मादीपर्यंत पोहत जावं लागतं. म्हणून वीट कोरडी पडली की सगळं संपलं. पाचव्या महिन्यात एका पापुद्रीतून टाचणीएवढं पहिलं पान उलगडलं. बाबांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं. चूक झाली असं ते काही म्हणाले नाहीत. मला आजही ते ऐकायचं होतं असं वाटतं.

त्यांनाच दोष देण्यातही अर्थ नाही. हे दोन पिढ्यांचं चक्र विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी 1851 साली उलगडून दाखवलं, तोवर भल्याभल्यांना फर्नचं बी सापडत नव्हतं. पण नेफ्रोलेपिस हे नावच 'मूत्रपिंड' आणि 'खवला' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचं आहे, ते या ठिपक्यांवरच्या आवरणाच्या आकारावरून. जी खूण झाडाच्या नावात आहे, तिला रोग म्हणून कापायचं?

तुमचा दुसरा प्रश्न. सावली म्हणजे काळोख नव्हे. दिवसा दिव्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड हवाच. नेफ्रोलेपिस आणि बर्ड्स नेस्ट तिथे निभावतात. बर्ड्स नेस्टच्या मधल्या खोलगटात माती पडू देऊ नका. मेडनहेअर, म्हणजे हंसराज, एकदा सुकला की पानं चुरगळून जातात, पण उपटून फेकू नका. पानं छाटा, माती ओली ठेवा, बहुतेक वेळा खालून पुन्हा फुटतो. माती पालापाचोळ्याच्या खताची, पाणी निथळणारी. लावताना नवी पानं जिथून फुटतात तो शेंडा गाडू नका, तो मातीच्या वर राहिला पाहिजे. बाकी पाण्याचं तुमच्या मातीवर ठरेल.

एक सांगायचं राहिलं. फर्नवर तांबेरा पडतच नाही असं नाही. काही जातींवर पडतो, पण त्याचे डाग वेडेवाकडे असतात आणि पानाच्या वरूनही फिकट दिसतात. तसं असेल तर तेवढी पानं काढा. आणि बोस्टन फर्नसारख्या बागेत निपजलेल्या जातींची पूड बहुधा रुजत नाही, तिथे विटेचा खटाटोप करू नका, धावत्या फुटव्यांनी रोप करा.

घरात कुणी तांबेरा म्हणालं, तर पूड दाखवायला जाऊ नका, तिथेच मी चुकले. विटेवर पहिलं पान येऊ द्या, मग बोलवा.