यकृतकृमीचे काटे

रामबाग, इंदूर

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली फॅशिओलांची, म्हणजे यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमींची चित्रं काल रात्री दोनदा पाहिली. बकरीच्या यकृतातल्या कृमीच्या अंगावरचे काटे बारीक, दाट, एका टोकाचे. म्हशीतल्याचे रुंद, करवतीसारखे दातेरी. खाली तू लिहिलंस, 'नवी जात?' ते प्रश्नचिन्ह घाईने पुसू नकोस.

आधी वय बघ. कोवळ्या कृमीचा काटा एकाच टोकाचा असतो, वाढत्या वयात त्याला दाते येतात. बकरीतल्या कृमीच्या गर्भाशयात अंडी होती का, म्हणजे तो पूर्ण वाढलेला होता का? मग तो मारलास कसा, ते आठव. सलाइनमध्ये सैल होऊ न देता थेट फॉर्मलिनमध्ये टाकला की तो आक्रसतो आणि काटे जवळजवळ येतात. एम.एस्सी.ला असताना मी असेच आक्रसलेले कृमी 'दाट काट्यांचे' म्हणून नोंदवले होते. सगळ्या नोंदी बाद कराव्या लागल्या. ते अजून बोचतं.

एवढं करूनही फरक उरला, तर पोशिंद्या जनावराकडे, म्हणजे कृमी ज्याच्या अंगात राहतो त्याच्याकडे वळ. फॅशिओलाचा आकारसुद्धा पोशिंद्याप्रमाणे लहानमोठा होतो. कृमीचं आवरण म्हणजे मेलेली कातडी, असं पूर्वी समजत. 1960 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं की तो पेशींच्या भिंती नसलेला सलग, जिवंत थर आहे आणि त्याची केंद्रकं खाली, स्नायूंच्याही आत असतात. असा थर भोवतालाशी सतत देवाणघेवाण करतो.

रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोमा या कृमीचं उदाहरण मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. 1969 मध्ये स्मिथर्स, टेरी आणि हॉकली या शास्त्रज्ञांनी उंदरात वाढलेले कृमी माकडांत घातले. साध्या माकडांत ते जगले. ज्या माकडांना आधी उंदराच्या रक्तपेशी टोचून प्रतिकार शिकवला होता, त्यांच्यात मात्र मेले. कृमीने उंदराची ओळख अंगावर चढवली होती! तिथे प्रश्न रेणूंचा होता, काट्यांचा नव्हे. पण पृष्ठभाग एकट्या कृमीचा नसतो, हे मला त्यावरून पटलं.

म्हणून जात ठरवण्याआधी दोन्हींचा डीएनए ताडून बघ. आणि कत्तलखान्यातून यकृत आणशील तेव्हा वहीत जनावर, त्याचं वय, एका यकृतात किती कृमी निघाले, पित्तनलिकेत होते की यकृताच्या मांसात, हे तिथल्या तिथे लिही. घरी येऊन आठवत नाही.

रविवारी स्लाइड्स घेऊन ये. बकरीतले अंडी असलेले तेवढे वेगळे काढून आण.

तुझा,
सर