गोळ्या चालू आहेत, तरी आवाज येतात

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी शांत झाला, पण आवाज येतातच. द्राक्षबागेत पाऊल टाकत नाही. समुपदेशनानं फरक पडेल का?
– एक आई, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : ताई, पडू शकतो. गोळ्या मात्र चालूच ठेवा. बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद केल्या की आजार उलटतो. या आजारासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारं समुपदेशन) साधारण १६ किंवा अधिक बैठकांची असते, दोन-तीन बैठकांत निकाल मागू नका. आवाज कधी येतो, काय म्हणतो, तेव्हा मुलगा काय करतो, हे आधी वहीत उतरवतात. समजा, ‘बागेत गेलास तर मारतील’ असं ऐकू येतं. मग ते तपासायला छोटी पायरी ठरते : सकाळी तुमच्यासोबत बांधापर्यंत, दहा मिनिटं. जमलं की पुढे. आवाज पूर्ण थांबले नाहीत तरी त्यांचा धाक कमी होतो, आणि ही खरी सुधारणा आहे.

घरात ‘कुठं काय आवाज येतोय?’ असा वाद घालू नका. ‘भीती वाटतेय ना?’ एवढं पुरे. सततच्या टोमण्यांनी आजार उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून वडिलांनाही बैठकीला न्याच. आवाज स्वतःला इजा करायला सांगू लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीही मराठीत, मोफत बोलता येतं.