चपला घरी ठेवून ये

बाय,

तुझं पत्र पोचलं. पणजीजवळच्या करंजाळ्यात येऊन सात महिने झाले, अजून शेजारच्या तीन घरांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून तुला 'रहिवासी मंच' काढायचा आहे. काढ, पण पावसाळा तरी संपू दे. मंडळं आमच्याकडे पुष्कळ आहेत. कार्यक्रम आटोपल्यावर खुर्च्या उचलायला माणसं मिळत नाहीत, ते दुखणं वेगळं.

मी १९८५ साली इथं भाड्यानं राहायला आलो, तेव्हा माझ्याही अंगात असाच उत्साह होता. सत्तरी तालुक्यातला डोंगराकडचा माणूस, समुद्र पाहिलेला तो सहलीपुरता. मे महिना. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल चाललेली, आणि समोरच्या घरातली मावशी गल्लीत गोणपाट अंथरून त्यावर गालमो, म्हणजे बारीक कोलंबी, वाळत घालायची. वास असा की खिडकी उघडायची सोय नाही. मी एका कचेरीत सुवाच्य अक्षरात अर्ज नेऊन दिला. संध्याकाळी परतेपर्यंत वाड्यावर सगळ्यांना कळलेलं. कुणी एका शब्दानं बोललं नाही. मावशीनं गोणपाट गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला 'तुमी' म्हणायला लागली. आधी 'तूं' होतो. हे 'तुमी' दोन वर्षं चाललं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

सुटका झाली ती रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्यावर. नारळी पुनव होऊन गेली होती. सकाळी वाळूवरून फिरत होतो. होडीनं जाळं अर्धगोलात टाकून दुसरी दोरी किनाऱ्याला आणलेली, दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, आणि माणसं कमी. कुणीतरी ओरडलं, "हात लाय मरे!" मी हात लावला. रापण ओढायची म्हणजे पाण्याकडे तोंड ठेवून मागं मागं चालायचं. रांगेच्या शेवटी पोचलं की दोरी सोडायची, पुढं पाण्यापाशी जायचं, परत धरायची. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात. ओली दोरी तळव्याची साल काढते. तासभर मी फक्त पुढच्या माणसाची पाठ पाहिली, तो कोण, काय करतो, काही विचारलं नाही. जाळं वर आलं तेव्हा माझ्या टॉवेलात सहा बांगडे पडले. हात लावला त्याला वाटा, असा रिवाज.

टॉवेल ठिबकत घरी निघालो तर मावशी दारात. "तुका हे कापूंक येता?" म्हणाली. तुमकां नव्हे, तुका.

तू ज्या लोकांना 'संघटित' करायचं म्हणतेस, त्यांचा इतिहासही जरा बघ. सत्तरच्या दशकात ट्रॉलर थेट किनाऱ्याला येऊन मासळी ओरबाडायला लागले तेव्हा गोव्यातले रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा त्यांच्या पुढं होते. त्यानंतर १९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मासेमारीसाठी राखला गेला. पट्टा कागदावर आहे, रात्री त्यात काय चालतं ते रापणकारांनाच विचार. आता दोरी ओढायला ओडिशा-झारखंडची मुलंही असतात. त्यांचीही नावं विचारून घे, तुझ्यापेक्षा ती जास्त एकटी आहेत.

किनारा साफ करायची कल्पना चांगली. मात्र वाळूवर पसरलेली ती हिरवी, जांभळ्या फुलांची वेल उपटू नका. मागं एका हौशी गटानं 'रान माजलंय' म्हणून ती पोती भरभरून काढली होती. मर्यादवेल ती. वाळू धरून ठेवते. आणि जून-जुलैत किनारा खचलेला दिसला म्हणून घाबरून फोटो पाठवत सुटू नकोस, नेलेली वाळू बरीचशी पावसाळ्यानंतर समुद्रच आणून टाकतो.

आता कामाचं. तुझी इमारत पणजी महापालिकेत येते की ताळगाव पंचायतीत, ते आधी घरमालकाला विचार. आमच्या भागात हाकेच्या अंतरावर हद्द बदलते आणि माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या कचेरीत हेलपाटे घालतात. पंचायतीत येत असलीस तर मतदारयादीत नाव घाल, त्याशिवाय ग्रामसभेत तू पाहुणी. सभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी असते, शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरला खास सभा. पहिल्या दोन सभांत तोंड उघडू नकोस. तिसऱ्या वेळी उठलीस तर सर्व्हे नंबर सांगून बोल, आणि पत्र दिलंस की आवक नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. भाषण ठोकणाऱ्यांना आमचे लोक टाळ्या देतात आणि विसरतात.

पाव मॉलमधून आणू नकोस. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की खाली उतर, नाहीतर फाटकाला कापडी पिशवी टांग. माझ्या खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाबांची पिशवी एकदा दुपारपर्यंत तशीच राहिली होती. पोदेरानं चार घरी विचारलं, म्हणून दार उघडलं गेलं. बाबा न्हाणीघरात पडलेले होते. ते पुढं सहा वर्षं जगले आणि रोज उंडे करपलेले आहेत म्हणून त्याच्याशीच भांडले.

चवथीचं तुला सांगायला नको, तू डिचोलीची. पण माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळांचं, सामान पणजीच्या बाजारात काय भावानं घ्यावं लागतं ते इथल्या बायकांना विचार. तुझ्या घरामागच्या रानात कांगलां, माट्टी, कवंडाळां फुकट लोंबकळत असतील. येताना एक पोतं भरून आण आणि गल्लीतल्या घरांत वाट. कांगलां कुठल्या डोंगरावरची, हे विचारायला येतील तेव्हा चहा टाक. मंचाचा विषय त्या दिवशी काढू नकोस. आरतीला घुमट वाजवायला येणारा पोरगा चर्चच्या गायनवृंदातला आहे, त्याला नेवरी जास्त घाल.

पुनवेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मी किनाऱ्यावर असेन. माझा खांदा आता दोरी ओढू देत नाही, गुंडाळायला बसतो. चपला घरी ठेवून ये, वाळूत हरवतात.

तुझा,
काका

ता. क. पिशवी आण. पहिल्या दिवशी बांगडेच मिळतील असं नाही, कधीकधी नुसते पेडवे असतात.